मेणाचा थर

"मातीचं टोक कापून टाक ना, वहिनी. आत चांगली असेल," दीर म्हणाला. प्रयोगशाळेच्या टेबलावरच्या पोलादी नळीवरून त्याची नजर हलत नव्हती.

तिने नळी उजेडाकडे वळवली. तोंडाशी ओतलेलं मेण कडेने सुटलं होतं. फटीत नख सहज शिरत होतं. गॅस प्रकल्पाच्या आवारात जिथे नवी टाकी उभी राहायची होती, तिथे त्यानेच खोल भोक पाडून ही चिकणमाती काढली होती. खाली जशी होती तशीच, तिच्या ओलीसकट प्रयोगशाळेत पोचावी म्हणून तर मेण. पातळ थर द्यायचा, निवू द्यायचा, मग त्यावर दुसरा. दिराने ते कडकडीत तापवून एकदम ओतलं होतं. निवताना ते आकसलं, आणि नळी आठवडाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली.

"एवढी कसली घाई होती, भाऊजी?"

"विसरलीस? तूच फोन केला होतास. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. लवकर निघा, लवकर निघा, नुसता धोशा!"

नवरा गेल्यापासून घरातलं असं प्रत्येक काम याच्याच गळ्यात पडायचं, आणि त्याच्या तोंडून कधी 'नाही' निघायचं नाही.

तिने दट्ट्याने माती बाहेर ढकलली. टोक कापलं. आतही फिकट, वाळलेली. आणखी कापलं, तर मधोमध केसासारखी भेग.

"दाबून तर बघ."

तिने त्यातला बरा तुकडा यंत्रात बसवला. काटा चढत गेला, चढतच गेला.

"दगड आहे दगड!" दिराचा चेहरा उजळला. "उगाच जीव टांगणीला लावलास."

"वाळली म्हणून दगड. उन्हात चिखलसुद्धा पायाला टोचतो, भाऊजी. म्हणून कुणी चिखलावर घर बांधत नाही."

"टाकी काय लगेच बुडणार आहे?"

"बुडणार नाही. एका अंगाला कलेल. आणि तिला जोडलेल्या पाइपांत गॅस असेल."

तो हळूच म्हणाला, "मागची नळी जीपमधून पडली, तेव्हाच साहेबांनी बजावलंय. आता एक जरी नमुना फुकट गेला, तर दुसरा ड्रिलर आणणार. या वयात मला दारात कोण उभं करणार? हाच आकडा दे ना, कुणाला कळणार आहे?"

फोन वाजला. साहेबच होते.

"आकडा आला का हो, बाई? पायाचं डिझाइन अडलंय. वरून रोज शिव्या खातोय मी."

आकडा समोरच होता. खोटाही नव्हता, वाळलेल्या मातीचा अगदी खरा आकडा होता.

"नमुना बाद आहे, साहेब," ती म्हणाली. "मेण सुटलं होतं. नळी नव्याने काढावी लागेल."

"सील कुणी केली होती?"

साहेबांचा आवाज रिसीव्हरबाहेर ऐकू येत होता. तिने दिराकडे पाहिलं. तो उठला, आणि त्याने तिच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"मी, साहेब. माझ्याच हातची चूक. नवी काढून देतो, मग काम सोडून जातो."

नवी नळी घेऊन तो आला तेव्हा त्याची पँट मांड्यांपाशी भिजली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळून, जीपमध्ये गुडघ्यांत उभी धरून त्याने ती सबंध वाटभर आणली होती. मेण थरावर थर, काचेसारखं गुळगुळीत बसलं होतं.

तिने माती बाहेर काढली. गडद, ओलसर. अंगठा टेकवला तर तो आत गेला.

"मऊ आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नुसत्या पायावर टाकी उभी राहणार नाही. खाली खोलवर खांब घालावे लागतील."

"घालतील," तो म्हणाला. त्याने हात पँटला पुसले. "चल, मी निघतो. आईच्या डोळ्यांत औषध घालायचंय. तू आता त्याची काळजी करू नकोस. मी घरीच असणार."

तिला त्याच्यामागून फाटकापर्यंत जावंसं वाटलं. पण उघडी माती क्षणाक्षणाला वाळत होती. तिने तुकडा कापला आणि तराजूवर ठेवला.