दारामागच्या रेघा

"हा दोरा कुणी गुंडाळला?" सुतारकाकांनी विचारलं.

"मीच," पार्सलबाई म्हणाल्या.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. हल्ली जवळचं काही बघायचं असलं की ते डोळ्यांवर विसंबत नसत, नखाने बघत. धनुष्याच्या वरच्या भागावर बाईंनी लाल दोऱ्याचे वेढे दिले होते, पार्सल बांधावं तसे घट्ट आणि नेटके. काकांनी गाठ सोडली, दोरा उलगडला आणि अंगठ्याचं नख लाकडावरून हळूच ओढलं. ते एका जागी अडकलं. बोटभर खाली पुन्हा अडकलं.

"धनुष्याच्या पाठीला, बाहेरच्या बाजूला, चीर गेली तर दोरा बांधतात. ह्या आतल्या बाजूच्या, त्याच्या पोटाच्या सुरकुत्या आहेत, पोरी. लाकूड दबून दबून पडल्यात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला."

बाई साठीला टेकल्या होत्या. त्यांना पोरी म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं.

टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर त्यांनी उभी हयात काढली, म्हणून तिरंदाजीच्या मैदानावर त्या पार्सलबाई. एकोणीस वर्षांपूर्वी, घरात आईचं अंथरूण आणि कचेरीत वजनकाटा यांच्यामध्ये एक तास तरी आपला असावा म्हणून त्या तिथे गेल्या होत्या. काकांनी धनुष्य करून दिलं. अर्ध्या ओंडक्यातून काढलेलं, त्यांच्याच उंचीचं, कुठे जोड नाही की डिंक नाही. बरोबर तीन नियमही दिले. थंड सकाळी आधी बारा वेळा अर्धवट ओढायचं, मग बाण लावायचा. बाण लावल्याशिवाय ताणलेली दोरी सोडायची नाही. आणि काम झालं की लगेच दोरी उतरवायची. बाईंनी हे तिन्ही नियम औषधाच्या वेळांसारखे पाळले. आठवड्याला तीन सकाळी, दर सकाळी तीस बाण. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा दोन सकाळी त्या मैदानावर होत्या. लोक काय म्हणायचं ते म्हणाले.

दरवर्षी ठरलेल्या तारखेला त्या धनुष्य दाखवायला काकांच्या कारखान्यात येत. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. काका धनुष्याची मूठ दारामागच्या एका खिळ्याशी टेकवत आणि दोरी उतरवलेल्या धनुष्याचा बाक पेन्सिलीने दारावर उतरवत. मग दोरी चढवून ते तुळईला टांगलेल्या वजनकाट्याला अडकवून ओढत आणि ओढायला किती किलो जोर लागला तो आकडा रेघेशेजारी लिहीत. पहिली रेघ सरळ होती. पहिल्या दोन वर्षांत धनुष्य बोटभर वाकलं, मग नव्या चपलेसारखं रुळलं आणि पुढे दरवर्षी केसभर वाकत राहिलं. एकोणिसावी रेघ पहिलीपासून चार बोटं लांब गेली होती.

"दुसऱ्या कुणाच्या हातात पाच वर्षं टिकलं नसतं," काका म्हणाले. "तू नीट वापरलंस."

"अजून किती बाण मारता येतील?"

"एकही नाही. पुढचा बाण कदाचित नीट जाईल. कदाचित धनुष्य तुझ्या तोंडावर फुटेल."

बाई स्टुलावर बसल्या. दोरा बांधला तेव्हाच त्यांना हे ठाऊक होतं. खरी भीती वेगळी होती आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. सहा वर्षांपासून उजवा खांदा ऐकत नव्हता. मैदानावरची मोठ्यांची धनुष्यं अठरा किलोंची. त्याखालची मुलांची, रंगीत चित्रं चिकटवलेली, कमरेइतकी. हे म्हातारं धनुष्य मऊ पडलं होतं म्हणून ओढता येत होतं, आणि लांबून सगळ्यांना वाटत होतं की बाई अजून तशाच आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ती उघडणार होती.

"नाहीतरी पुरेच झालं," त्या म्हणाल्या. "आता भिंतीवर टांगून ठेवते."

"दारावरचे आकडे वाच."

बाईंनी वाचले. अठरा. सतरा. सोळा. शेवटचा तेरा.

"बाकीच्यांचं किलोभर उतरलं की भांडायला येतात. बाण पोचत नाही, काका, नवं द्या. तुझं पाच किलो उतरलं. एकदा तरी आलीस भांडायला?"

बाईंचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला.

आतून काकूंचा आवाज आला. "सहा वर्षं झाली त्यांना कळून. रोज ताटात आम्हाला तुझा खांदाच वाढलेला असतो."

"तू गप गं," काका म्हणाले, पण ते हसत होते. "वर बघ, पोरी."

बाईंच्या डोक्यावरच, तुळईला लागून, जुन्या चादरीत काहीतरी लांब गुंडाळलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाईंनी स्टुलावर चढून ते काढलं. चादरीतून धनुष्य निघालं.

"त्याच ओंडक्याचा दुसरा अर्धा. एकोणीस वर्षं वाळत ठेवला होता. उंची तुझी, तेवढीच. जाडी कमी. बारा किलो. लांबून कुणाला काही कळायचं नाही."

"कधी केलंत?"

"आठ महिने लागले," काकूच आतून म्हणाल्या. "पूर्वी तीन आठवड्यांत उरकायचे."

बाईंनी मूठ धरली. ती त्यांच्या हाताची होती. बोटांच्या जागासुद्धा चुकल्या नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"काका, तो एक तास होता म्हणून मी आईवर कधी चिडले नाही. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं."

"मग आता सांगितलंस की," काका म्हणाले आणि उगाचच रंधा पुसू लागले. थोड्या वेळाने त्यांनी पेन्सिल पुढे केली. "रेघ तू ओढ. मी धरतो."

तेव्हा बाईंचं लक्ष गेलं. एकोणिसावी रेघ थरथरत वर गेली होती. गेल्या वर्षी त्यांना ती थरथर दाराच्या लाकडाची वाटली होती.

काकांनी नवं धनुष्य दोन्ही हातांनी दाराशी दाबून धरलं. बाईंनी रेघ ओढली, शेजारी बारा लिहिले. जुन्या पहिल्या रेघेशेजारी ती तितकीच सरळ उभी राहिली.

"पेन्सिल घेऊन जा," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी तुझी तू ओढशील. दार इथेच आहे."

बाईंनी पेन्सिल पिशवीत टाकली नाही. सुटलेला लाल दोरा काकांच्या कामाच्या बाकड्यावर पडला होता. तो त्यांनी पेन्सिलीला बांधला आणि दुसरं टोक दारामागच्या खिळ्याला.

"मी येणार आहे," त्या म्हणाल्या. "धरायचं तुम्ही."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, गाठ नखाने चाचपली आणि घट्ट आहे म्हणाले.