काठीवरचा दिवा

“सिद्धूच्या हातातला दिवा तेवढा काढून घेऊ नगासा,” साळूबाई म्हणाल्या होत्या. “तेवढ्या एका खुंट्याला बांधलाय त्यो. खुंटा उपटलासा तर कुठं भरकटंल, कुणी सांगावं?”

पल्लवीनं सासूचं बोलणं कानाआड केलं. तिच्या मांडीवर तिचा वीरू, वीरधवल, हुंदके देत होता. अडीच वर्षांचं पोर, आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. बिरोबाच्या देवळात शिरताना उंबऱ्यावरच्या तेलावरून घसरलं होतं. नवरा इंद्रजित फौजेत, लांब राजस्थानात. इकडे आष्ट्यात पोर नुसतं खोकलं तरी पल्लवी रात्रभर जागायची. त्यात हे. तिनं तसंच त्याला कडेवर घेतलं आणि देवळाचे पंच नानासो यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“रोज पिऊन येतो तो सिद्धू. देवाच्या दारात तेल सांडतो. उद्या कुणाचं डोकं फुटलं म्हणजे?”

तिचं काही खोटं नव्हतं. बाप मेंढरं घेऊन जतकडून आला तेव्हा सिद्धू पोरसवदा होता. मेंढरं गेली, बाप गेला, मागं उरली ती देवळामागची खोली आणि संध्याकाळच्या दिव्याचा मान. सिद्धू प्यायचा. बायकोवर हात टाकायचा. ती लेकीला घेऊन माहेरी गेली ती परतली नाही. देवाची शपथ घेऊन खोटं बोलायचा, आणि दुसऱ्या दिवशी देवापुढंच कान धरायचा.

नानासो म्हणाले, “रविवारी कौल लावू. देवच सांगंल दिवा कुणाकडं ठेवायचा ते.”

शनिवारी तिन्हीसांजेला पल्लवी गच्चीवर कपडे काढत होती. तिथून देऊळ समोरच दिसायचं. सिद्धू झोकांड्या खात आला. नळावर हातपाय धुतले आणि उंबऱ्यापाशी येऊन थबकला. आत गेलाच नाही. भिंतीला शेळ्यांना पाला पाडायची लांब काठी टेकवलेली होती, ती घेतली. टोकाला तारेनं पत्र्याची वाटी बसवलेली होती. तीत पणती ठेवली, पेटवली, आणि उंबऱ्याबाहेर पालथा पडून तो ती काठी हळूहळू आत सरकवू लागला. काठी डुगडुगत होती. तेल उंबऱ्यावर सांडत होतं. पणती देवापुढं पोचल्यावर त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं उंबरा पुसला, म्हणजे तेल आणखीच पसरवलं.

पल्लवी वीरूला घेऊन खाली आली.

“हे काय चाललंय?”

“दिवा लावतुया, वैनी.”

“मग आत जाऊन लावा ना!”

“पिऊन?” सिद्धू दचकलाच. “पिल्यावर उंबरा वलांडत न्हाई मी.”

“मग पिऊ नका की.”

“सोडीव म्हणून त्याच्याच पाया पडलोय लय येळा. त्याला जमंना, तुमी कुठं लागलासा!” तो हसला, मग वीरूच्या कपाळाकडं बघून त्याची मान खाली गेली. “बायकोला मारल्यालं हात हैत हे. देवाला तोंड दावायची माजी लायकी न्हाई. पर म्हणून त्याला अंधारात ठिऊ व्हय?”

 पल्लवीला वाटलं होतं, हा पिऊन आत धडपडतो, म्हणून तेल सांडतं. तो आत जात नव्हता, म्हणून सांडत होतं.

रविवारी देवळात माणसं जमली. कौलाची रीत साधी: देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक शेवंतीचं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर दिवा सिद्धूकडं, डावं पडलं तर काढून घ्यायचा. फुलं लावायच्या आधी पल्लवीनं काठीची हकिकत सगळ्यांसमोर सांगितली.

“आगं बया!” बायकांतून तानुबाई फणकारली. “परवा तूच न्हवं का त्याच्या नावानं शिमगा केलास?”

“केला. तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं.”

“आता सांगून काय उपेग?” नानासो म्हणाले. “इच्यारलंय ते देवाला. लावा फुलं.”

 फुलं काही हलेनात. वीरूसुद्धा तोंडात बोट घालून बघत राहिला. पल्लवीला सासूचे शब्द आठवत होते. आणि मग उजव्या खांद्यावरचं फूल अलगद सुटलं, देवाच्या पायाशी पडलं.

“वाऱ्यानं पडलं,” कुणीतरी पुटपुटलं.

“गाभाऱ्यात वारा कुठनं आला रं?” नानासो गुरकावले.

सिद्धू बाहेर लिंबाखाली बसला होता. त्या दिवशीसुद्धा प्यालेला, म्हणून बाहेर. पल्लवीच त्याला सांगायला गेली.

“कुठलं पडलं, वैनी?”

“उजवं.”

 “ह्यो देव बी लय येडा हाय,” तो म्हणाला, आणि पंच्यात तोंड घालून रडला.

सिद्धू काही साधू झाला नाही. कधी आठवडाभर पीत नाही, मग आत जाऊन दिवा लावतो. कधी पितो, मग काठी. बायको आलेली नाही, आणि तिनं का यावं? पल्लवीनं काठीच्या टोकाला खोल पितळी वाटी बसवून दिली. तेल आता फारसं सांडत नाही.

इंद्रजितला तिकडं कुटुंबासाठी सरकारी क्वार्टर मिळालंय. पल्लवी वीरूला घेऊन निघाली आहे. साळूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीला लेकीकडं आहेत. गच्चीवरून बघायला घरात कुणी नाही. म्हणून, तुम्ही कधी दिवेलागणीला आष्ट्यावरून जात असाल, तर बिरोबाच्या देवळावरून जरा वाट वाकडी करा. दिवा दिसला तर पुढं जा. तो कसा लावला, ते विचारू नका. पण नसला दिसत, तर मागच्या खोलीचं दार वाजवा, आणि सिद्धू उठेपर्यंत वाजवत राहा.