बिचारी देवश्री

सिनेमा बघून रडू आलं की आपण मोकळे होतो. पण आपलं ओझं उतरवताना ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नये, याचं भान आपल्यापैकी किती जणांना असतं?

अकोल्यातल्या एका कॉलनीतली माणसं मिळून सिनेमाला गेली. बाप टाकून गेलेल्या पोराची गोष्ट होती. निवृत्त शिक्षक वामनराव तर इतके रडले की त्यांना बायकोचा पदरही पुरला नाही. बाहेर येताच त्यांना देवश्री आठवली. शेजारच्या रागिणीची ही दहा वर्षांची लेक. ती तान्ही असताना तिचा बाप घर सोडून गेला, तो गेलाच.

दुसऱ्या दिवसापासून देवश्रीवर मायेचा नुसता पूर! कोणी शिरा आणून दिला, कोणी गालावरून हात फिरवत "बिचारी वं माय!" म्हणालं. लंगडीत तिला कोणी बाद करेना. शेवटी पोरीनं खेळायला येणंच सोडलं.

रविवारी कॉलनीत रोडग्यांचं जेवण होतं. रागिणी तिला ओढूनच घेऊन आली. गोवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, भाजत होते, पोरं वांगी चिरत होती. देवश्रीनंही विळी ओढली, तर वामनरावांनी तिला उचलून खुर्चीवर बसवलं.

"तू बस बेटा. तुले काम नाई सांगायचं."

देवश्रीला रडूच फुटलं. "मी काय बिमार आहो का?"

"पाहा, बापाच्या आठवणीनं रडून राहिली," वामनराव डोळे पुसत म्हणाले.

"बापाच्या नाई, तुमच्यापायी!" रोडगे भाजणाऱ्या बेबीताई कडाडल्या. सगळ्या कॉलनीत वयानं आणि जिभेनं त्याच मोठ्या. "सिनेमा पाहून डोये भरले, चांगलंच झालं. पण तिकीट तुमी काढलं, अन् शिक्षा हिले काहून? खुर्चीत पाहुण्याले बसवते. घरच्या पोराले तं काम सांगते माणूस!"

वामनराव वरमले. खरंच की! त्यांनी वांग्यांची परात देवश्रीपुढे सरकवली. थोड्या वेळानं वाकून पाहिलं आणि ओरडले, "अवं, केवढ्या ह्या फोडी! माणसं जेवणार आहेत का बैल?"

देवश्रीनं मान वर केली.

"आबाजी, तुमाले दात नाईत, त्याले मी काय करू?"

सगळ्यात मोठ्यानं हसले ते वामनरावच. संध्याकाळी लंगडीत देवश्री पहिल्याच डावात बाद झाली आणि मनसोक्त भांडली.

वाचकहो, बापानं सोडलेल्या लेकराला कीव नको असते. त्याला कामात वाटा हवा, खेळात हार हवी, चुकलं तर हक्काचं रागावणंही हवं. सिनेमात रडा, पोटभर रडा. पण घरी येताना डोळे पुसून या!