एकाग्रतेचा हिरवा दिवा

शाळेचा हॉल पालकांनी तुडुंब भरला होता. पंख्याखालच्या खुर्चीवरून दोन काकांची जुंपलीसुद्धा होती. तेवढ्यात पडद्यावर हिरवा दिवा लागला आणि सगळे चिडीचूप.

"हा दिवा तुमच्या मुलाचं मन वाचतो!" एकाग्रतागुरू माइकातून घुमले. पांढराशुभ्र कोट, आवाजात मध. "कॅमेऱ्यातून मनाच्या लहरी यंत्रात, यंत्रातून दिव्यात! हिरवा म्हणजे मन ऑनलाइन वर्गात. लाल म्हणजे उंडारतंय!"

"आमचा तर कायम हिरवाच!" मागच्या काकू गहिवरल्या. "जेवायलासुद्धा एका जागी बसत नाही हो मेला!"

पुढे आईशेजारी प्रश्नावली धुमसत होती. वर्गानेच तिला हे नाव ठेवलं होतं. विचारल्याशिवाय तिचा घासच उतरत नसे. तिच्या लाडक्या विज्ञानाच्या बाईंच्या तासाला दिवा लालभडक असायचा. म्हणून तो तास आजपासून बंद, आणि त्या जागी गुरूंचे तयार व्हिडिओ!

बाईंचा गुन्हा काय? तर त्या मुलांना स्क्रीनसमोरून उठवायच्या. "जा, गार पाण्याचा ग्लास भरून ठेवा. तो बाहेरून ओला का होतो ते बघा आणि परत येऊन माझ्याशी भांडा!" मुलं धावत जायची, धावत यायची आणि खरंच कडाकडा भांडायची. पण मन वाचणाऱ्या दिव्याला त्याचा पत्ताच नाही!

उलट तिचा दादा इतिहासाच्या तासाला मोबाइलवर गेम खेळायचा. दुसऱ्या हाताने माऊस पीठ चाळल्यासारखा हलवत राहायचा. दिवा हिरवागार! कालच तिने त्याला पकडलं, तर म्हणाला, "आईला सांगितलंस तर बघ!"

"कोणाला प्रचिती हवी?" गुरूंनी विचारलं.

"मला!"

"अगं, बस खाली, शोभा करशील," आई कुजबुजली. पण प्रश्नावली स्टेजवर पोचलीही.

ती लॅपटॉपसमोर बसली. हाताची घडी, डोळे पडद्यावर रोखलेले. दिवा लाल झाला.

"बाळ, मन चंचल आहे तुझं."

"हो का? मग आता बघा." तिने मुख्याध्यापिकाबाईंचा टेबलफॅन मागून घेतला, केसांची रिबीन सोडून तिने लॅपटॉपचा माऊस फॅनच्या जाळीला बांधला आणि बाजूला झाली. फॅन मान वळवू लागला, माऊस टेबलावर फरफटू लागला. समोर रिकामी खुर्ची. दिवा हिरवा!

"गुरुजी, खुर्चीचं मन कसंय?"

हॉल खदखदून हसला.

"त्या... त्या खुर्चीत उरलेल्या लहरी!"

"बरं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं बाई सांगतात." तिने कॅमेऱ्यावर रुमाल टाकला. दिवा हिरवाच. मग फॅन बंद केला. माऊस थांबला आणि थोड्याच वेळात दिवा लाल.

गुरूंच्या आवाजातला मध एकदम आटला. "हे... तांत्रिक आहे," ते पुटपुटले.

"तांत्रिक नाही, सोप्पं आहे. माऊस हलला की हिरवा, थांबला की लाल. बास!"

काकूंनी तिथल्या तिथे घरी फोन लावला. "ए बाळ्या! व्हिडिओ कॉल कर. तोंड नको, हात दाखव!"

मुख्याध्यापिकाबाई उठल्या. "विज्ञानाचा तास चालू राहील. उद्या मीसुद्धा बसणार आहे त्याला. ग्लास घेऊन."

प्रश्नावलीने गुरूंच्या हातातला माइक घेतला. ती संधी कसली सोडतेय! "काका, काकू, मावश्यांनो, आम्ही स्क्रीनकडे बघतो म्हणजे शिकतो असं नाही. आम्हाला काहीतरी करायला द्या, चुकू द्या, मग विचारा काय कळलं. उत्तरावरून आपोआप समजेल आमचं लक्ष होतं की नाही. आणि पुन्हा कुणी असा दिवा घेऊन आलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: हा लागतो कशाने?"