घागऱ्यांचं मशीन, सदऱ्यांचं मशीन

झांबिलाने उभ्या जन्मात कागदावर अंगठ्यापलीकडे काही उमटवलं नव्हतं. पण कागदावरची लबाडी तिला नुसत्या वासाने कळायची. तिचा भाचा मुगुरेल रोमानियातल्या त्यांच्या रोमा वस्तीच्या संस्थेचा अध्यक्ष. त्याला निधीवाल्यांकडे मागायचा होता नळ. वस्तीचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या तांब्याचे हंडे ठोकत आले, पण हंड्यात भरायचं पाणी बायकांनी टेकडी उतरून आणायचं. निधीवाल्यांच्या यादीत ‘नळ’ असा रकानाच नव्हता. ‘रोमा महिलांचं स्वच्छतेतून सक्षमीकरण’ असा होता. मग मुगुरेलने धुण्याचं मशीन मागितलं. मशीनला पाणी लागतं, म्हणून त्याच्या शेपटाला धरून नळ आला. झांबिलाची सून तेव्हा चौथ्या महिन्यात. तिच्या डोक्यावरचा हंडा उतरला, एवढं एकच काम त्या कागदी घोड्यांनी केलं.

मशीनला मात्र तीन महिन्यांत कुणी बोट लावलं नाही. लावणार कसं? कमरेवरचं आणि कमरेखालचं, विटाळाचं, एका पाण्यात धुतलं, तर त्या घरात कोण कॉफीला तोंड लावेल? घागऱ्यांची परात वेगळी, सदऱ्यांची वेगळी. हे मुगुरेलला ठाऊक नव्हतं असं नाही. फॉर्म भरताना त्याला फक्त नळ दिसत होता.

शेवटी बुखारेस्टहून कोरिनाबाई तपासणीला आल्या. त्यांनी मशीनवरचा वापराचा आकडा पाहिला. शून्य.

“वापरच नसेल तर मशीन दुसऱ्या गावाला जाईल,” त्या म्हणाल्या, “आणि नळाची जोडणीही.”

मुगुरेलचा चेहरा पडला. झांबिला पुढे झाली.

“नेऊ नका, बाई. उलट अजून एक द्या. कमरेवरचं एकात, कमरेखालचं दुसऱ्यात. मग बघा, दिवसभर घरघर थांबणार नाही.”

“वेगवेगळं?” कोरिनाबाई दचकल्या. “आजी, आमची सगळी लढाई वेगळं काढण्याविरुद्ध आहे. शाळेत तुमच्या मुलांना वेगळं बसवतात, दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवतात. आणि आम्हीच वेगळी मशीनं वाटायची? वरती काय सांगू?”

“माझी नात अजून मागच्याच बाकावर बसते. तिथे तुमचं काही चाललं नाही, म्हणून आमच्या घागऱ्यांना समानता शिकवायला निघालात?”

“आत्या, हळू,” मुगुरेल कुजबुजला.

“गप रे अध्यक्षा. बाई, तुमच्या घरी फरशीचं फडकं आणि ताटं पुसायचं फडकं एकत्र धुता?”

“छे!”

“का हो? फरशीच्या फडक्यावर अन्याय नाही होत?”

कोरिनाबाईंचे कान लाल झाले. मग त्या हसल्या, आणि बराच वेळ टॅबलेटवर बोट फिरवत राहिल्या.

“मला पटलं, आजी. पण पटण्याला पैसे मिळत नाहीत. हे बघा, ‘पुरुषांचा घरकामातला सहभाग’, इथे निधी पडून आहे. त्यात दुसरं मशीन बसेल. मात्र पुरुषांनी धुणं शिकायला हवं, फोटोसकट. आणि मुदत आज संपते.”

झांबिलाचा नवरा ग्रांचा, वस्तीचा म्होरक्या, अंगणात झाकण ठोकत बसला होता. मिशा कानापर्यंत, टोपी भुवईपर्यंत.

“मी? धुण्यापुढे? टोपी घालून?”

“टोपी घालूनच. फोटोत म्होरक्या कोण ते कळायला नको?”

“मेलो तरी येणार नाही. लोक थुंकतील माझ्यावर.”

झांबिलाने घागऱ्याचा काठ चिमटीत धरला. बास, तेवढंच. बाईने भरचौकात पुरुषाला घागऱ्याचा काठ लावला, की त्याच्याबरोबर महिनोन्‌महिने कुणी ताटाला बसत नाही, मग तो म्होरक्या असो की राजा. चाळीस वर्षांच्या संसारात तिने हे शस्त्र कधी उपसलं नव्हतं.

“झांबिला, तू असं करायची नाहीस.”

“टेकडी कोण उतरणार? पोटुशी पोर उतरणार की तुम्ही?”

ग्रांचाने हातोडी खाली ठेवली.

पहिलं मशीन सदऱ्यांचं ठरलं. घागऱ्यांचं येईल ते मागच्या पडवीत, प्यायच्या नळापासून लांब. सात टोप्या रांगेत उभ्या राहिल्या, प्रत्येकाच्या हातात चिमटीत धरलेला एकेक सदरा, जणू मेलेली घूस. “हसा!” कोरिनाबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही. ग्रांचाने बटण दाबलं. आत पाणी धबाधबा कोसळलं आणि सातही जण एक पाऊल मागे सरले.

फोटो झाला. बाई निघाल्या. पण पुरुष हलेनात. ग्रांचा काचेसमोर उकिडवा बसून फिरणारे सदरे निरखत होता.

“साबण कमी घातलाय,” त्याने निवाडा दिला.

“जास्तच झालाय,” मागून कुणी तरी म्हणालं, आणि सगळे तावातावाने भांडायला लागले. नळाखाली हंडा लावायला आलेल्या झांबिलाकडे ग्रांचाने वळूनही पाहिलं नाही. “बायकांनो, जरा लांब,” तो म्हणाला, “इथे काम चाललंय.”