जोडीचं कार्ड

रुसलान इपोह शहरातल्या एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला होता. चौतिशीचा, एकटा, पोटाने जरा सुटलेला, आणि घरी आला की जेवणाआधी तासभर कॉम्प्युटरवर गाड्या पळवणारा. पण नवेनवे खेळ जड होत चालले होते आणि त्याचं ग्राफिक्स कार्ड दमायला लागलं होतं. वळणावर गाडी आली की चित्र उचकी लागल्यासारखं अडकायचं.

उपाय दोन होते. हे कार्ड विकून त्याहून दांडगं एकच घ्यायचं, नाहीतर अगदी असलंच आणखी एक शोधून दोन्ही शेजारी बसवायची आणि बोटभर पट्टीने जोडायची. इथेच घोडं अडलं.

दुकानातला फैझल म्हणाला, "दोन लाव रे! बोटीला दोन इंजिनं लावली तर बोट जोरात जाते की नाही?"

कॉम्प्युटरवाला म्हणाला, "एकच घे, मोठं. दोघांना एका पेटीत कोंडलंस की नुसता उकाडा."

इंटरनेटवर या विषयावर चौदा पानांचं भांडण होतं. रुसलानने ते सगळं वाचलं. सहाव्या पानावर त्याला दोनाचं पटलं, नवव्यावर एकाचं, आणि शेवटच्या पानावर मंडळी एकमेकांच्या आयांवर घसरली होती. शेवटी, पटलं म्हणून नव्हे, विचार करून करून डोकं शिणलं म्हणून त्याने दोन ठरवलं. पण ते मॉडेल बाजारातून कधीच गेलेलं. मग त्याने आपल्याच कार्डाचा फोटो लावून जाहिरात टाकली : 'तीन पंख्यांचं कार्ड. जोडीसाठी.'

तिसऱ्या दिवशी ताइपिंगहून यिप नावाच्या कुणाचा तरी निरोप आला. "माझ्याकडे हेच आहे."

"चालू आहे ना?"

"एकदम. तुमचं?"

"माझंही."

"मग शनिवारी घेऊन या. जुळतात का बघू."

शनिवारी रुसलानने कार्ड टॉवेलात गुंडाळलं, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून एक पोमेलो, म्हणजे पपनस, घेतला आणि सकाळच्या बसने ताइपिंगला गेला.

दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या, अर्ध्या चड्डीतल्या एका सडसडीत माणसाने. यिप अंकल पोस्टातून निवृत्त झाले होते आणि आता दिवसभर घरात बसून विमानं उडवत होते. जेवणाच्या टेबलावर कपाटाएवढा कॉम्प्युटर मांडलेला. त्यांच्या बायकोने पोमेलो घेतला, वास घेतला आणि पुढे कॉफी ठेवली. "नासी लमाकही आहे, नारळाच्या दुधातला भात. कोपऱ्यावरच्या मकचिककडून, त्या मलाय मावशीकडून आणलाय. हलाल आहे, आमच्या भांड्यातला नाही. पोटभर खा."

खाऊन झालं. रुसलानने टॉवेल सोडला. अंकलनी आपलं कार्ड त्याच्याशेजारी आणून ठेवलं. जुळ्या भावंडांसारखी दोन्ही. रुसलानने खिशातून पैशांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. नेमकं त्याच वेळी अंकलनीही पाकीट ठेवलं.

दोघं एकमेकांच्या पाकिटाकडे बघत राहिले.

"हे कशाला?" अंकलनी विचारलं.

"तुमच्या कार्डाचे."

"माझं कुठे विकायचंय? मी तुझं घेतोय! जाहिरात तूच टाकलीस ना?"

"मी घेण्यासाठी टाकली होती, अंकल. जोडीसाठी."

"मीही जोडीसाठीच आलो ना!"

"तुम्ही कुठे आलात? तो आलाय," आंटी म्हणाली.

रुसलानला कानकोंडं झालं. वयाने वडील माणूस, त्याच्या घरचं खाल्लेलं. तो म्हणाला, "असू द्या. माझं तुम्हीच घ्या." अंकलना ते जास्तच लागलं. "छे! पोरगा एवढ्या लांब बसने आला. तू घे माझं." आता दोघंही आपापलं कार्ड समोरच्याकडे सरकवू लागले, आणि घ्यायला कुणी तयार होईना.

"अहो, पण दोन लावून काही होतं का, ते तरी बघा आधी," आंटी म्हणाली.

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पट्टी अंकलकडे होती. त्यांनी कॉम्प्युटर उघडला, दोन्ही कार्डं बसवली आणि गाड्यांचा खेळ लावला. सेकंदाला किती चित्रं येतात ते सांगणारा कोपऱ्यातला आकडा बावन्नवरून थेट चौऱ्याऐंशीवर गेला. "बघ!" अंकल ओरडले. पण वळण आलं आणि गाडी पुन्हा अडखळली. आकडा मोठा, उचकी तीच. मग विमान उडवून पाहिलं. तिथे आकडा उलट दोनाने उतरला.

"म्हणजे दोन चांगली की वाईट?" रुसलानने विचारलं.

"आकडा म्हणतो चांगली," अंकल म्हणाले. "डोळे म्हणतात… डोळ्यांचं तू सांग. चष्म्याच्या दुकानात तू आहेस."

"मी काचा घासतो, अंकल. डोळे वेगळा माणूस तपासतो."

मग आंटीला समोर बसवलं. पट्टी काढून एकदा दाखवलं, जोडून एकदा दाखवलं. "हे छान," ती म्हणाली. "थांबा, मघाचं छान होतं. मघाचं म्हणजे कुठलं?" तिसऱ्यांदा दाखवायला जावं तर पेटीतून गरम वारा आला, पंखे केकाटले आणि सगळं खट्कन बंद पडलं. दोन कार्डांचं ओझं पॉवर सप्लायला पेलेना.

अंकलनी घाईघाईने दोन्ही कार्डं काढून वर्तमानपत्रावर ठेवली आणि घाम पुसला. तेवढ्यात रुसलानला घाम फुटला.

"अंकल, यातलं माझं कुठलं?"

अंकल वाकले. उलटून बघितलं, पालटून बघितलं. "डावीकडचं. मी वरचं आधी काढलं… की खालचं?"

"खोक्यावर नंबर असतो."

"खोकी मी रद्दीवाल्याला दिली," आंटी म्हणाली. रुसलानचं खोकंही तीन घरं बदलताना गेलं होतं.

एकेक कार्ड पुन्हा लावून पाहिलं. एकाचा पंखा बारीक घरघरत होता, दुसऱ्याचा नाही.

"तुझं घरघरायचं?"

रुसलानने आठवून पाहिलं. "कधी कधी वाटायचं. तुमचं?"

"मला डाव्या कानाने कमीच ऐकू येतं," अंकल प्रामाणिकपणे म्हणाले. "घरघरणारं मी ठेवतो."

"नको, मी नेतो. तुमचं चांगलं असेल तर?"

"आणि तुझं चांगलं असेल तर?"

परतीच्या बसची वेळ होत आली. आंटीने वर्तमानपत्रावरचं एक कार्ड उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि रुसलानच्या पिशवीत टाकलं. वर केळीच्या पानात बांधलेली एक पुडी ठेवली. कुठलं कार्ड उचललं ते तिनेही पाहिलं नव्हतं. दोघांनी आपापली पाकिटं उचलून खिशात घातली. अंकल स्टँडपर्यंत सोडायला आले आणि बस सुटेपर्यंत उभे राहिले.

सोमवारी फैझलने विचारलं, "काय, आणलंस कार्ड?"

"आणलं," रुसलान म्हणाला. "एक नेलं होतं, एक आणलं."

"म्हणजे विकत घेतलंस?"

"नाही."

"बदलून?"

"ते माहीत नाही."

फैझलने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काचांचा डबा पुढे सरकवला.

आठवडाभराने यिप अंकलचा फोन आला. "रुसलान, तुझं घरघरतं का रे? माझं सकाळी गप्प असतं. दुपारी घरघरतं असं आंटी म्हणते, पण दुपारी ती शिलाई मशीन चालवते."

रुसलानने कॉम्प्युटर चालू केला, पेटीला कान लावला. आवाज येत होता खरा. त्याने उठून छताचा पंखा बंद केला, खिडकी लावली, पुन्हा कान लावला.

"हॅलो? येतोय का?" अंकल विचारत होते.

"थांबा अंकल," तो कुजबुजला. "ऐकतोय."