सिद्रामप्पाचा पाचवा बाप्तिस्मा

मुरुम गावच्या बाजाराकडं वळणाऱ्या रस्त्यावर सिद्रामप्पाचं पंक्चरचं दुकान आहे. गडी हाताचा पक्का, पण मनाचा महासंशयी. ट्यूबला ठिगळ लावलं की हौदात बुडवून बघणार, बुडबुडा आला नाही तरी पुन्हा बुडवणार. गिऱ्हाइकं वैतागायची. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण या बाबानं स्वतःच्या तारणाचं, म्हणजे आत्म्याच्या सुटकेचंही तेच करून ठेवलं होतं.

घराणं आजोबांपासून ख्रिस्ती. तान्हेपणी चर्चमध्ये डोक्यावर पाणी शिंपडून त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढं कुणी म्हणालं, शिंपडून काय होतंय, बुडालं पाहिजे. हा बुडाला. मग भावकीत शेताच्या बांधावरून भांडण झालं, तोंडातून नको ते गेलं, आणि आपलं तारण हातचं गेलं असं वाटून हा पुन्हा बुडाला. चौथ्या वेळी तर काही कारणही नव्हतं, गावच्या चर्चला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले होते एवढंच. बायको लक्ष्मम्मा म्हणायची, "म्हशीसुदिक एवढ्या डुंबत न्हाईत."

आज नातीचा, राजनंदिनीचा बाप्तिस्मा होता. कॉलेजात जाणारी पोर, स्वतःहून म्हणाली होती, मला घ्यायचाय. सिद्रामप्पाच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. टेम्पो सांगून झाला, तरी पुन्हा फोन. घरभर उगाच येरझारा. आनंद होताच, पण पोटात एक गुपितही होतं. पिशवीच्या तळाशी त्यानं आपला पांढरा सदरा आणि धोतर दडवलं होतं.

लक्ष्मम्माच्या नजरेतून काय सुटतंय!

"हे काय? परत?"

"हळू बोल की! काल त्या ट्रॅक्टरवाल्याला म्या आईवरून शिव्या दिल्या. एवढी वरसं प्रार्थना करून जिभंवर हेच येतंय. मेल्यावर प्रभूनं दारातनंच माघारी धाडलं तर?"

"आन् उद्या दुसरा ट्रॅक्टर आला म्हंजी?"

त्यानं पिशवी काखेत मारली आणि टेम्पोत जाऊन बसला.

बेन्नीतुरा नदीच्या बंधाऱ्यावर मंडळी जमली. ढोलकी, डफ, टाळ्या, एकच कल्ला. थंडीचे दिवस, पाणी बर्फासारखं, पण गाण्यानंच अंगात ऊब आली होती. पाळक अमरसिंह कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. रांगेत राजनंदिनी सगळ्यांत पुढं. सिद्रामप्पा झुडपाआड कपडे बदलून हळूच तिच्या मागं येऊन थांबला.

ती वळली आणि बघतच राहिली. "आज्जा, तुमी?"

"आलो आपला."

"तुमचा तर झालाय ना?" पोरीचा चेहरा उतरला. "म्हंजी एकदा घेऊन पुरत न्हाय व्हय? उद्या मी चुकले तर माझंबी तारण जाईल?"

सिद्रामप्पा पेचात पडला. 'पुरतं' म्हणावं, तर आपण या रांगेत कशाला? 'नाही पुरत' म्हणावं, तर पोरीच्या चांगल्या दिवसावर आपल्याच हातानं माती टाकायची. आयुष्यभराची भीती तिच्याही गळ्यात बांधायची. तेवढ्यात पाळकांनी तिला हाक मारली.

ती पाण्यात उतरली, पण मघाचा आनंद तिच्या तोंडावर नव्हता. पाळकांनी तिच्या मानेमागं हात घातला, तसं तिनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी करकचून आवळलं. पोहायला येत नव्हतं तिला. अंग लाकडासारखं ताठ झालं.

"सोड बाळ," पाळक म्हणाले. "तू मला धरायचं नाहीस. मी तुला धरलंय."

ती सोडेना. मान वळवून काठावर आज्जाकडं बघत राहिली. गाणं थांबलं. सगळे सिद्रामप्पाकडं बघायला लागले.

आणि सिद्रामप्पाला स्वतःचे हात दिसले. दर वेळी बुडताना त्यानंही पाळकाचं मनगट असंच आवळलं होतं. जन्मभर तो आपलीच पकड चाचपत बसला होता. ती कधी घट्ट, कधी ढिली, शिवी गेली की सुटलेली. पण ज्या प्रभूनं धरलं होतं, त्याच्या हाताकडं यानं कधी बघितलंच नव्हतं! त्याचा हात कधी सुटला होता? बांधावरच्या भांडणात? कालच्या ट्रॅक्टरपाशी? छे!

"सोड गं पोरी!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "एकदाच पुरतं! तू चुकलीस तरी त्यो सोडत न्हाय! मला चार बाप्तिस्मं घेऊन कळलं न्हाय, तू एकातच शिक!"

राजनंदिनी हसली. हसता हसताच तिनं हात सोडले. पाणी तिच्यावर मिटलं, आणि पाळकांनी तिला उचललं तेव्हा ती खोकत होती, थरथरत होती आणि हात वर करून "आज्जा! आज्जा!" म्हणून ओरडत होती. काठावर पुन्हा ढोलकी घुमली.

पाळकांनी हात पुढं केला. "या आप्पा, आता तुम्ही."

सिद्रामप्पानं आपल्या पांढऱ्या सदऱ्याकडं बघितलं, मग लक्ष्मम्माकडं. ती पदरानं डोळे पुसत होती. त्यानं पाय मागं घेतला.

"न्हाय सायेब," तो म्हणाला. "माझा झालाय."